दुसऱ्या गोळीची चौकशी

सुपडू आबा माझ्या घरी कधी बसले नाहीत. पिंप्राळ्यात आम्ही दोन-अडीच वर्षं शेजारी होतो. दर रविवारी सकाळी ते यायचे, चहाही घ्यायचे, पण उभ्यानं. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून तिच्यामागे उभे राहायचे, सभेत आभार मानायला उठलेल्या माणसासारखे. एक चप्पल पायात, दुसरी दाराबाहेर. आत्ता निघतो असं दाखवायचं आणि दीड तास निघायचं नाही, ही त्यांची पद्धत होती.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालानं कपाटातली सगळी पुस्तकं वाचलेली असतात असा लोकांचा गोड गैरसमज असतो. मी तो कधी दुरुस्त केला नाही. आबांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. फवारणीच्या डब्यावरची सूचना, मुलाच्या कॉलेजची नोटीस, इलेक्ट्रिक मोटारीच्या गॅरंटीचा कागद, जे जे इंग्रजीत असेल ते माझ्याकडे यायचं. मुलगा कॉलेजात शिकत होता, पण त्याचं इंग्रजी आबांना मान्य नव्हतं. “त्याले फी भरून येतं,” ते म्हणायचे, “तुमाले पगार घेऊन येतं. फरक पडतो ना, सर.”

ऐंशीच्या दशकातली पहिली चार-पाच वर्षं असतील. एका रविवारी आबांनी सदऱ्याच्या आतून खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक काढलं, त्यातून एक चकचकीत कॅटलॉग काढला आणि माझ्या हातात दिला. परदेशी रायफलीचा होता. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर, त्यापुढे दगडावर पाय ठेवून उभा असलेला एक सोनेरी केसांचा गृहस्थ, त्याच्या हातात ती रायफल आणि पायाशी सांबरासारखं काहीतरी मरून पडलेलं. इतक्या चांगल्या रायफलीनं मरायला मिळालं याचं समाधान त्या जनावराच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“वाचा,” आबा म्हणाले. “सगळं वाचा. काही सोडू नका.”

मी वाचलं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. सात पिढ्यांची कारागिरी. मर्दानी परंपरा. या मजकुराला आबा काहीच दाद देत नव्हते. लग्नात सासरच्या मंडळींची स्तुती ऐकावी तसे ऐकत होते. मग एक ओळ आली: पहिली गोळी सुटल्यावर रायफल आपणहून दुसरी गोळी भरते, बोट सैल करून पुन्हा दाबायचं, इतकाच वेळ.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“म्हंजे किती? एक म्हनेपर्यंत?”

“एक म्हणायच्या आधीच.”

आबा खुर्चीमागून निघाले, दारापर्यंत गेले, परत आले. “आनखी एक डाव वाचा,” ते म्हणाले.

आबांचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी भरपूर, पाणी त्याहून थोडं कमी, आणि डोंगरातून उतरणारी रानडुकरं पाण्याहून जास्त. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे एक एकनळी बंदूक होती, वडिलांच्या वेळची. एक काडतूस भरायचं, उडवायचं, नळी मोडायची, रिकामं काडतूस काढायचं, दुसरं घालायचं, नळी बंद करायची. बंदुकीचा बार बहुधा आभाळातच जायचा. डुकरांना आवाजाची सवय झाली होती. आबांच्या म्हणण्याप्रमाणे एक म्हातारं डुक्कर तर बार ऐकून वेळ ओळखायचं.

ही नवी रायफल धुळ्याला विकायला होती. पिंपळनेरकडचा कुणी जंगल-ठेकेदार, त्यानं हौसेनं आणवलेली. आता गुडघे गेले म्हणून काढून टाकत होता. तिची किंमत ऐकून मी म्हणालो, “आबा, एवढ्यात जुना ट्रॅक्टर येईल.”

“ट्रॅक्टर आहे आपल्याकडे.”

“मग दुनळी घ्या. दुसरी गोळीच हवी ना?”

“दुनळीत दोनच. दुसरी चुकली तं?”

“आणि रायफलीत पाच असतात, पाचवी चुकली तर?”

आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुस्तकं वाचून वाया गेलेला माणूस आहे हे मलाही पटलं.

कोणतीही वस्तू घेण्याआधी चौकशी करणं हा आबांचा धर्म होता. देवळात ते क्वचित जायचे, चौकशीला रोज. “मालकाले काय इचारता?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “मालक इकाले बसला आहे. शेजाऱ्याले इचारा.” बोदवडच्या म्हशीची गोष्ट त्यांची बायको, अक्का, आमच्या सामाईक भिंतीवरून पुन्हा पुन्हा सांगायची. बोदवडला एक म्हैस विकायची होती. आबा गेले, म्हैस पाहिली, मालकाशी बोलले नाहीत, शेजाऱ्याकडे गेले. शेजाऱ्यानं म्हशीची फार तारीफ केली. आबांना शंका आली, हा म्हैस घालवायला तर बसला नाही? शेणाचा वास याच्याच खिडकीत येत असणार. म्हणून शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे गेले. त्यानं विचार करून सांगतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा बोदवडला उतरले तेव्हा म्हैस विकली गेली होती. दुसरा माणूस असता तर परतीची गाडी धरून आला असता. आबा म्हशीच्या नव्या घरी गेले, तिथल्या शेजाऱ्याला विचारलं आणि म्हैस खरोखरच उत्तम आहे याची खात्री करून घेतली. घरी येऊन अक्काला म्हणाले, “चौकशी बराबर निघाली.”

“आन् म्हैस?” अक्कानं विचारलं.

“म्हैस गेली. पन माहिती आली ना.”

तेव्हा रायफलीच्या बाबतीत ते असंच काहीतरी करणार हे मला दिसतच होतं. मात्र यावेळी चौकशीत मजा नव्हती. म्हशीची चौकशी आबा चवीनं करायचे. रायफलीची चौकशी एखादा माणूस रात्रीतून उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो तशी चालली होती. एसटीच्या कंडक्टरला विचारलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. पेन्शनीत निघालेल्या एका हवालदाराकडे सलग चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हवालदार मागच्या दारानं बाहेर पडला. कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना विचारलं, कारण ते एकदा परदेशी जाऊन आले होते. प्राध्यापकांनी रायफल या विषयावर पाऊण तास व्याख्यान दिलं. आबा बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मानूस हुशार आहे. काहीच सांगितलं नाही.”

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. बोलता बोलता आबांचे हात सुरू व्हायचे. डावा हात पुढे, उजवा जवळ. दोन्ही हात काहीतरी मोडल्यासारखे खाली यायचे, उजवा खिशाकडे जायचा, परत यायचा, मग दोन्ही वर. ओठ हलत असायचे. एकदा एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते हेच करताना मी पाहिलं. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं. मला वाटलं सांधेदुखीचा व्यायाम असेल. मी त्यांना एका वैद्याचा पत्ताही दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि वैद्याच्या शेजारी कोण राहतं ते विचारलं.

त्याच सुमारास निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. कॉलेजच्या लोकांना मतदानाची ड्यूटी लागते, म्हणून मलाही तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला जायचं होतं. आबांबरोबरच गेलो आणि त्यामुळे तो सोहळा पाहायला मिळाला.

त्याला सोहळाच म्हटलं पाहिजे. ठाण्याच्या व्हरांड्यात तालुक्यातले सगळे बंदूकवाले जमलेले. इस्त्रीचे सदरे, नव्या टोप्या. वर्षभर जी बंदूक कोठीत गव्हाच्या कणगीमागे पडलेली असते तिला तेल लावून, पट्टा चढवून आणलेली. एकमेकांच्या नळ्यांकडे लोक वधूकडच्यांनी वराकडे पाहावं तसे पाहत होते. आमच्याकडच्या बंदुकांचं मुख्य काम डुक्कर मारणं नसून पाच वर्षांतून एक-दोनदा जमा होणं हे आहे, असं माझं त्या दिवसापासून मत झालं.

व्हरांड्यात खुर्ची एकच होती. सगळे जमिनीवर, आबाही, एकनळी मांडीवर आडवी घेऊन. मग एका सोसायटीचे चेअरमन आले. त्यांच्याकडे दुर्बीण लावलेली परदेशी रायफल. फौजदार साहेब उठून बाहेर आले, ती खुर्ची चेअरमनांना दिली, रायफल हातात घेऊन समोरच्या कडुलिंबावरच्या कावळ्यावर नेम धरला आणि “वा!” म्हणाले. कावळा उडाला नाही. त्यालाही आचारसंहिता माहीत असावी. आबांची पाळी आली तेव्हा हवालदारानं एकनळीला चिठ्ठी बांधली आणि ती कोपऱ्यातल्या काठ्यांमध्ये उभी केली.

झालं, मला वाटलं, रायफलीचं कोडं सुटलं. आबांना ती खुर्ची हवी आहे. परतीच्या बसमध्ये मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, “आबा, खुर्चीसाठी एवढे पैसे घालू नका. लाकडाची खुर्ची बाजारात फार स्वस्त मिळते.”

आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. खिडकीबाहेर केळीच्या बागा जात होत्या, तिकडे पाहत राहिले. त्यांचे हात मांडीवर होते आणि पुन्हा तेच चाललं होतं. मोडायचं, खिशाकडे जायचं, परत यायचं. या खेपेला मी ओठांकडे नीट पाहिलं. ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

त्याचा अर्थ अक्कानं सांगितला. मी भिंतीशी उभं राहून खुर्चीचा विनोद तिला ऐकवला होता, हसेल म्हणून. ती धुणं वाळत घालत होती. पिळा तसाच हातात धरून ती म्हणाली, “भाऊ, तुमाले जुम्माचं कोनी सांगितलं नाही का?”

जुम्मा तडवी आबांचा सालदार. साल, म्हणजे वर्षाची चाकरी, खानदेशात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ठरते. जुम्माची साल आबांकडे वीस वेळा ठरली होती. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, धुकं पडलेलं असताना, सकाळी दोघं केळीत गेले. डुकरांनी रात्रभर कंद उकरले होते. जुम्मा काठी घेऊन पुढे, आबा बंदूक घेऊन मागे. एक मोठं डुक्कर बागेतच अडकलेलं होतं. आबांनी गोळी झाडली, ती चिखलात गेली. डुक्कर फिरलं आणि जुम्मावर आलं. आबांनी नळी मोडली, काडतूस काढलं, दुसरं घातलं, नळी बंद केली, आणि वर पाहिलं तेव्हा डुक्कर गेलं होतं आणि जुम्माची मांडी गुडघ्यापर्यंत उघडी झाली होती.

“चार मोजेपर्यंत लागतं म्हने भरायले,” अक्का म्हणाली. “तेव्हापासून मोजून राह्यले. जेवताना मोजतात. झोपेत मोजतात. हे घर आमी पोराच्या कॉलेजासाठी नाही घेतलं, भाऊ. जुम्माले तीन महिने मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं ना, रोज डबा द्यायले जवळ पडे म्हनून घेतलं. पोरगा मागून आला.”

लोकांचा डौल ओळखण्यात मी स्वतःला मोठा तज्ज्ञ समजत होतो. त्या दिवशी मी घरात जाऊन बराच वेळ कुठलंतरी पुस्तक उघडून बसलो.

पुढच्या रविवारी आबा आले तेव्हा मी स्वतःच म्हणालो, “धुळ्याला कधी जायचं?” त्यांनी पायातली चप्पलही दाराबाहेर काढली.

जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत आबा दोनदा जागा बदलून बसले आणि मग दांडा धरून उभेच राहिले. रायफल ज्याच्याकडे ठेवली होती तो वामन मिस्त्री बंदुका दुरुस्त करणारा, साठीचा, बारीक, कानावर पेन्सिल. बोलणं अस्सल अहिराणी. दुकान बोळात, मागच्या आवारात बंदूक तपासायला वाळूच्या पोत्यांची भिंत. त्यानं रायफल फडक्यातून काढली. वस्तू देखणी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. कॅटलॉगमधल्या गृहस्थाशिवाय तर अधिकच.

मिस्त्रीनं पोत्यांवर डब्यांची पाच झाकणं टांगली. आबांनी रायफल खांद्याला लावली. पाच गोळ्या सुटल्या, किती वेळात ते मला सांगता येणार नाही, कारण पहिल्या आवाजालाच मी कान झाकले होते. धूर गेल्यावर पाहिलं तर एका झाकणाला भोक होतं. बाकीची चार वाऱ्यावर खुशाल हलत होती.

“कितवी लागनी?” मिस्त्रीनं विचारलं.

“चौथी असंन.”

“एक गोळी व्हती तवय नेम धरेत ना, आबा? आते पाच शेतस, ते नेम कोन धरी?”

“सवय होईल,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “वेळ पाह्यला का तुमी? एक म्हनायच्या आत दुसरी. मले तेवढंच पाह्यजे.”

“घ्या ना मंग. मी तं इकालेच बठेल शे.” मिस्त्रीनं रायफल परत फडक्यावर ठेवली. मग बहुधा आबांचे हात त्याच्या नजरेस पडले, कारण ते पुन्हा सुरू झाले होते. मिस्त्रीनं ते पुरं पाहिलं. आयुष्यभर बंदुका मोडणाऱ्या-जोडणाऱ्या माणसाला त्या हातांत काय आहे ते सांगावं लागलं नाही. “काय झालं व्हतं?” त्यानं विचारलं.

आबांनी सांगितलं, कुणाकुणाकडे चौकशी केली त्यासकट. मला दोन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी मिस्त्रीला उभ्या उभ्या सांगून टाकलं. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली आणि फडक्याशेजारच्या कागदावर एक फुली केली. “आठे तुमी. डुक्कर कोठे?”

आबांनी बोट ठेवलं.

“आनि तो मानूस?”

आबांचं बोट कागदावर फिरलं. एकदा इकडे थांबलं, एकदा तिकडे. “हितं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाही. हितं.”

“डुकरना पल्याड, का अल्याड?”

आबांनी बोट उचलून पुन्हा दुसऱ्याच जागी ठेवलं.

“त्याना आंगवर काय व्हतं?”

“पांढरा सदरा.”

“पक्कं?”

आबांनी बोट मागे घेतलं.

“त्याले इचारं का?” मिस्त्री म्हणाला. “नही? समदासले इचारं आनि त्यालेच नही इचारं?” त्यानं रायफल फडक्यात गुंडाळली, हळू, मूल झोपवावं तशी. “इचारी या. गिऱ्हाईक दुसरं बी येई. तुमनी वाट पाहसू आठ दिन.”

परतीच्या बसमध्ये आबा जळगावपर्यंत एकाच जागी बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघत होतो तर ते फाटकात उभे, दोन्ही चप्पला पायात. “चला,” म्हणाले. “रजा टाका. जुम्मा काय सांगतो ते तुमी बी ऐका. मी काय ऐकलं ते मले उद्या तुमालेच इचारावं लागंन.”

आबांच्या शेतावर जुम्मा आपल्या खोपीपुढे बसून विळ्यानं केळीचे कंद साफ करत होता. आबांच्याच वयाचा, काळा, रुंद खांद्याचा. डावा पाय समोर लांब पसरलेला. तो दुमडत नव्हता.

“या आबा. सर बी आले? पंचनामा आहे का?”

आबा उभेच. “जुम्मा, एक इचारायचं होतं.”

“बंदुकीचं ना?”

“तुले कोनी सांगितलं?”

“कोनी नाही सांगितलं ते इचारा. कंडक्टरले इचारलं, कंपाउंडरले इचारलं. धुळ्यापर्यंत जाऊन आले. माह्या खोपीपर्यंत एसटी येत नाही का, आबा?”

आबांनी खाली पाहिलं. मग एका दमात म्हणाले, “त्या दिवशी दुसरी गोळी राहती, भरायले लागली नसती, तं तुहा पाय वाचला असता का?”

जुम्मानं दोन कंद साफ करून ढिगावर टाकले. तिसरा हातात घेतला आणि खाली ठेवला.

“पायाचं मले नाही माहीत,” तो म्हणाला. “मी नसतो वाचलो.”

“कसा?”

“कसा काय! मी त्याचा कान धरला होता, आबा. ते माह्यावर, मी त्याच्याखाली, मंग मी वर, ते खाली. धुकं एवढं. डुक्कर काळं, माही घोंगडी काळी. कोनतं डुक्कर आन् कोनती घोंगडी, हे मलेच समजत नव्हतं. तुमी कोनाले मारलं असतं?”

“तुह्या आंगावर पांढरा सदरा होता. मले दिसे तू.”

“सदरा होता. त्याच्यावर घोंगडी होती. तुमीच दिली होती आखाजीले, साल ठरली तेव्हा.”

“घोंगडी मी नाही पाह्यली.”

“पाह्यली. तिच्यातच माहा पाय बांधून मले गाडीत टाकलं. रक्तानं भिजली म्हनून दवाखान्याच्या मागे तुमीच फेकली. तिच्याखालचा सदरा दिसला तो तेव्हा.”

आबांच्या तोंडाकडे मला पाहवेना. दोन वर्षं ज्या सकाळीत ते रोज जाऊन येत होते तिच्यातून एवढी मोठी घोंगडी गहाळ झाली होती.

“जुम्मा,” ते म्हणाले, “मले बरं वाटावं म्हनून तं नाही ना सांगत?”

जुम्माचा विळा थांबला. “तुमाले बरं वाटाले मी काय आनखी एक पाय देऊ?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण ढिगावर बसलेलं कोंबडं उठून दूर गेलं. “दोन साल झाले. तुमी येता, कंद पाह्यता, पानी पाह्यता, माह्या पायाकडे पाह्यत नाही. डबा आनून देत होते तेव्हा बी भिंतीकडे पाहून देत होते. मले वाटे आबाले राग आला, डुक्कर सुटलं म्हनून. सर, तुमी सांगा, मी काय समजायचं?”

आबा म्हणाले, “राग? तुहा?” आणि पहिल्यांदाच त्या लांब पसरलेल्या पायाकडे पाहिलं.

जुम्मा भिंतीला धरून उठला. “चला जागेवर,” म्हणाला. “तुमाले तसं पटायचं नाही. तुमची चौकशी राहून जाईन.”

आम्ही केळीत गेलो. भर दुपार होती, पण बागेत उजेड हिरवा आणि कमी होता. जुम्मा पाय ओढत पुढे, आबा मागे. एका सरीपाशी थांबून जुम्मानं आबांच्या हातात स्वतःची काठी दिली. “तुमी हितं होते.” मग वीस-पंचवीस पावलं पुढे गेला, वाळलेल्या पानांवर बसला, आडवा झाला आणि बरोबर आणलेलं गोणपाट अंगावर ओढून घेतलं.

“धुकं नाही,” त्यानं ओरडून सांगितलं. “दुपार आहे. डुक्कर बी नाही. आता पाहा, मी दिसून राह्यलो का!”

आबांनी काठी खांद्याला लावली. मी त्यांच्या मागेच उभा होतो. खरं सांगतो, कुठे पडला आहे ते डोळ्यांनी पाहूनही मला जुम्मा सापडेना. वाळकी पानं, खोडांच्या सावल्या, पाण्याचे डाग; त्यात माणूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. काठीचं टोक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे.

“मारा ना, आबा!” पानांतून आवाज आला. “एक म्हनायच्या आत!”

आबांनी काठी खाली घेतली.

“सर,” ते माझ्याकडे न वळता म्हणाले, “धुळ्याले पत्र टाका. रायफल नको म्हना. मिस्त्रीले नमस्कार लिहा.”

मी ते त्याच संध्याकाळी लिहिलं. त्या जूनमध्ये माझी बदली झाली, आणि आबांची आणि माझी पुढे भेट झाली नाही. अक्काचं एक पत्र आलं होतं, मुलाकडून लिहवून घेतलेलं. आबा सुखरूप आहेत, चौकशी चालू आहे, कसली ते लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी मला परतीची बस धरायची होती. सरी ओलांडून मी बांधावर चढलो आणि निरोप घ्यायला वळलो. दोघांना माझी आठवण नव्हती. जुम्मा आता आबांच्या जागी उभा होता, काठीवर रेलून. आबा तिकडे चालत गेले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली, वाळक्या पानांवर बसले आणि जुम्मा पडला होता तिथेच आडवे झाले. गोणपाट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“आता मी दिसून राह्यलो का रे?” त्यांनी विचारलं.

जुम्मानं कपाळावर हात धरून नीट पाहिलं, चांगला वेळ घेऊन.

“नाही दिसत, आबा,” तो म्हणाला. “पन थोडं पडून राहा.”